ओळंबा थांबेपर्यंत

बसा. पाठ ताठ, खांदे सैल.

तुम्ही नवीन जालन्यात आहात. लांब एमआयडीसीत रोलिंग मिल चालू आहे. तापलेल्या लोखंडाची सळई होते आहे. तो आवाज येऊ द्या, जाऊ द्या.

एक श्वास.

इथून समुद्र लांब आहे. कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला. पाणी पूर्वेला जातं. मन मात्र पश्चिमेला जाऊ द्या. सुरतेला.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधु साधना’ सुरतेतच बांधलं गेलं. ८० मीटर लांबीचं संशोधन जहाज. २०१४ मध्ये सेवेत आलं.

असं एखादं जहाज डोळ्यांसमोर आणा. बांधून झालेलं, अजून समुद्रावर न गेलेलं.

पाहा. दोरखंड ढिले सोडलेत. वारा पडलाय. जहाजाचा तोल तपासणारी इन्क्लायनिंग टेस्ट सुरू होते आहे. जहाजावर मोजकीच माणसं, जो तो ठरलेल्या जागी. कुणी उगाच फिरत नाही.

तुम्हीही हलू नका.

आता आत उतरा. पायऱ्या लोखंडी, हवेला ताज्या रंगाचा वास.

वरून एक लांब तार खाली आलीय. टोकाला जड गोळा. ओळंबा आहे हा. गवंडी भिंतीला लावतो तोच. गोळा तेलात बुडवलेला, झोका लवकर विरावा म्हणून. तारेमागे आडवी पट्टी. पट्टीवर पेन्सिलीची एक रेघ.

त्या रेघेवर नजर ठेवा.

श्वास आत. श्वास बाहेर.

वर डेकवर मोजलेलं वजन एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकवतात. जहाज कलतं. किती? जेमतेम एक-दोन अंश.

तार रेघेवरून सरकलेली दिसते.

पुन्हा पाहा. तार उभीच आहे. कललंय ते जहाज.

थांबा. ओळंबा अजून झुलतोय. झुलत असताना रेघ मारायची नसते.

थांबा.

आता मारा दुसरी रेघ.

वजन किती, किती सरकवलं, दोन रेघांत अंतर किती, अशा मोजमापांवरून जहाजाचा गुरुत्वमध्य किती उंचीवर आहे ते काढतात. तो डोळ्यांना दिसत नाही. जहाज थोडं कलू द्यावं लागतं, मगच तो सापडतो.

आता तुमचं एक वजन घ्या. मनावर आज जे आहे ते. एकच.

ते एका बाजूला ठेवा. मन कुठे कलतं ते पाहा. छातीत? पोटात? जबड्यात?

सरळ करायला धावू नका. झोका विरू द्या.

श्वास आत. श्वास बाहेर.

किती कललं? दिसलं तेवढंच मनात टिपा. जास्त नाही, कमी नाही.

वजन उचला. दुसऱ्या बाजूला ठेवा. पुन्हा थांबा. पुन्हा पाहा.

गोदीतही असंच करतात. एका मापावर कुणी विसंबत नाही. वजनं इकडून तिकडे, तिकडून इकडे, प्रत्येक वेळी नवी रेघ.

शेवटी गुरुत्वमध्याचा आकडा कागदावर उतरतो. पुढे भर समुद्रात विंचवरून जड उपकरणं पाण्यात सोडताना, जहाजावर कुठे किती भार चालेल, हे त्याच्याच आधाराने ठरतं.

तुमचाही कल तुम्ही टिपलाय. आज कुठलं ओझं कुठे ठेवायचं, तेवढं ठरवा.

आणि उठा. कामाला लागा.