सोन्याचे बक्कल आणि दोन वेद्या



मिस्सासाठी वेदीवर येण्यापूर्वी याजक पांढऱ्या झग्यावर कमरेला एक दोरी बांधतो. हल्लीच्या नव्या झग्यांना तिची गरज लागत नाही, म्हणून ती पुष्कळदा कपाटातच राहते. पवित्र शास्त्रात मात्र कमर बांधण्याला फार मोठा अर्थ आहे. मिसर देश सोडण्याच्या रात्री इस्राएल लोकांना कमर कसून भोजन करायचे होते. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या कमरेला चामड्याचा पट्टा होता. संत पौल इफिसकरांना सत्याचा कमरपट्टा बांधायला सांगतो. पायघोळ कपडे घालणाऱ्या माणसाला काम, प्रवास, लढाई काहीही करायचे तर आधी कमर कसावी लागे. शेतात आणि होडीवर राबणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे सांगायला नको.

आज आपण अशाच एका कमरपट्ट्याचा विचार करू या. पट्टा केव्हाच कुजून गेला. उरले आहे ते त्याचे बक्कल.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सफोक परगण्यात डेबेन नदीच्या काठी, सटन हू नावाचे ठिकाण आहे. तेथे श्रीमती एडिथ प्रिटी या विधवा बाईंच्या जमिनीत मातीचे जुने उंचवटे होते. 1939 साली त्यांनी सर्वांत मोठा उंचवटा उकरायला सांगितले. काम सुरू केले बॅझिल ब्राऊन यांनी. बाराव्या वर्षी शाळा सुटलेला, स्वतःच पुस्तके वाचून शिकलेला हा माणूस. त्यांना मातीत सुमारे 27 मीटर लांबीचे जहाज सापडले. लाकूड नव्हतेच. लोखंडी खिळ्यांच्या रांगा आणि वाळूत उमटलेला जहाजाचा ठसा, एवढेच. मधोमध एका राजाची दफनाची खोली होती. तेथील आम्लधर्मी वाळूने राजाचा देहही खाऊन टाकला होता. सोने मात्र जसेच्या तसे राहिले.

त्यात हे बक्कल होते. वजन 412.7 ग्रॅम, म्हणजे आजच्या दहा ग्रॅमच्या तोळ्याने 41 तोळ्यांहून अधिक. लांबी सुमारे 13 सेंटिमीटर. त्यावर साप, पक्षी आणि लांब पायांची जनावरे एकमेकांत अशी गुंतली आहेत की एकाचे शेपूट शोधता शोधता दुसऱ्याचा जबडा हाती लागतो. कारागिराचे कौतुक करावे तेवढे थोडे. विशेष म्हणजे बक्कल आतून पोकळ आहे. मागची बाजू बिजागरीवर उघडते आणि तीन सरकत्या खिट्ट्यांनी बंद होते. युरोपात त्या काळी संतांचे अवशेष ठेवण्याची पोकळ बक्कले असत, म्हणून हेही तसेच असावे असे काही अभ्यासकांना वाटते. सापडले तेव्हा आत काहीच नव्हते. शेजारी चांदीचे दोन चमचे होते, त्यांवर ग्रीक अक्षरांत दोन नावे: शौल आणि पौल. काहींना ती बाप्तिस्म्याची भेट वाटते. काही म्हणतात, अक्षरे कोरणाऱ्याची ती चूकच. आम्हाला पहिला अर्थ आवडतो, पण आवड म्हणजे पुरावा नव्हे.

बहुतेक विद्वानांच्या मते हा राजा म्हणजे सुमारे 624 साली वारलेला ईस्ट अँग्लियाचा रेडवाल्ड. त्याची हकीकत संत बीड यांनी 731 साली पूर्ण केलेल्या इतिहासात आहे. (आपल्या बीड जिल्ह्याशी साम्य नावापुरतेच!) रेडवाल्डने केंटमध्ये बाप्तिस्मा घेतला. घरी परतल्यावर पत्नीने आणि सल्लागारांनी त्याचे मन फिरवले. मग त्याने एकाच मंदिरात ख्रिस्तासाठी एक वेदी ठेवली आणि जुन्या दैवतांच्या बळींसाठी दुसरी, लहानशी. कोणालाच नाराज करायचे नाही, असा हा राजकारणी हिशेब.

येथेच थांबलो तर प्रवचन सोपे होईल. पण संत बीड प्रामाणिक इतिहासकार होते. त्यांनी दुसरीही गोष्ट लिहून ठेवली आहे. एडविन नावाचा एक राजपुत्र जीव वाचवण्यासाठी रेडवाल्डच्या आश्रयाला आला. त्याचा शत्रू राजा एथेलफ्रिथ याने दूत पाठवले: एडविनला ठार करा, भरपूर पैसे देतो. रेडवाल्डने ऐकले नाही. दुसऱ्यांदा दूत आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा रक्कम वाढली होती आणि सोबत युद्धाची धमकीही होती. आता रेडवाल्ड डळमळला आणि कबूल झाला. त्याला कोणी सावरले? त्याच पत्नीने! संकटात सापडलेल्या मित्राला सोन्यासाठी विकणे राजाला शोभत नाही, शब्द हा सर्व दागिन्यांहून मोलाचा आहे, असे तिने त्याला समजावले. त्याने ऐकले. 616 च्या सुमारास तो लढला आणि जिंकला, पण त्या लढाईत त्याचा मुलगा रेगेनहेर पडला. एडविन राजा झाला आणि 627 च्या ईस्टरला त्याने बाप्तिस्मा घेतला.

बंधुभगिनींनो, आपण दुसऱ्या वेदीचा विषय काढला की शेजाऱ्यांच्या देवांकडे बोट दाखवतो. ते सोयीचे असते. आपल्या धर्मग्रामातली दुसरी वेदी बहुधा सात-बाराच्या उताऱ्यावर उभी असते. जमिनीचा भाव वाढला. बिल्डरचा माणूस एकदा येऊन गेला, दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा रक्कम वाढवून आला. मग लग्न होऊन गेलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. ती वाचत नाही, भावावरच्या विश्वासाने सही करते. पुढच्या रविवारी तोच भाऊ तिच्या मागच्या बाकावर बसतो, आणि शांतीची खूण देताना दोघे विरुद्ध दिशांना वळतात. कायदा त्याच्या बाजूने असेलही. 1939 च्या ऑगस्टमध्ये पंचांनी निर्णय दिला की सटन हूचा सर्व खजिना श्रीमती प्रिटींचाच. त्यांना एक मुलगा होता, सोन्यावर पूर्ण हक्क होता. त्यांनी सारे काही राष्ट्राला देऊन टाकले. ते बक्कल आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये कोणालाही पाहता येते.

शेवटच्या भोजनाच्या रात्री आपल्या प्रभूनेही कमर बांधली होती. त्याने कमरेला पंचा गुंडाळला आणि तो शिष्यांच्या पायांशी बसला. त्यांत यहूदाचेही पाय होते. त्याचा सौदा तोवर ठरलेला होता.

ज्या घरांत सध्या असे कागद तयार होत आहेत, त्यांनी सहीच्या आधी बहिणीला बोलावून एकदा सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवावेत. घरी ते जड जात असेल तर दोन्ही बाजूंनी मिळून आमच्याकडे यावे. संध्याकाळच्या मिस्सानंतर आम्ही कार्यालयात असतो.