दुसऱ्याचे शब्द, आपले मुख



पुष्कळ वर्षांपूर्वी एका मंडळीत मी उपदेश केला. त्यातील एक दृष्टांत लोकांच्या मनाला फार भिडला. उपासनेनंतर एका वृद्ध बंधूंनी माझा हात हाती घेऊन म्हटले, "आज प्रभूने तुम्हांला फार सुंदर विचार दिला." मी नम्रपणे उत्तरलो, "सर्व गौरव देवालाच असो." वास्तविक तो दृष्टांत मी एका जुन्या भाष्यग्रंथातून जसाच्या तसा उचलला होता. लेखकाचे नाव मला ठाऊक होते. ते सांगावे लागू नये म्हणून मी देवाचे नाव पुढे केले, ही गोष्ट मला आजही बोचते.

कोणी म्हणेल, सत्य सारे देवाचेच आहे. मग ते कोणाच्या मुखातून आले याची चौकशी कशाला? हा युक्तिवाद भक्तीचा वाटतो, परंतु शास्त्राला तो मान्य नाही. एकमेकांपासून वचने चोरणाऱ्या संदेष्ट्यांवर परमेश्वर आपला रोष प्रकट करतो (यिर्मया २३:३०). ती वचने देवाची म्हणून सांगितली जात होती, तरी त्या कृत्याला तो चोरीच म्हणतो.

याउलट पौलाकडे पाहा. अथेन्स येथे अरियपगात बोलताना तो एक काव्यपंक्ती घेतो आणि ती श्रोत्यांच्याच कवींची आहे, असे उघड सांगतो (प्रे. कृत्ये १७:२८). ती अराटस या ग्रीक कवीच्या काव्यात आढळते. परधर्मीय कवीचे ऋण मान्य केल्याने सुवार्तेचे तेज उणे झाले नाही. कुसंगतीविषयीचे वचन मात्र तो कोणाचे नाव न घेता देतो (१ करिंथ १५:३३). ते मिनांडर या नाटककाराचे मानले जाते. परंतु तोवर ते म्हणीप्रमाणे सर्वतोमुखी झाले असावे. सर्वांच्या जिभेवरील म्हण आपली आहे, असे कोणी समजत नाही. इब्री लोकांस पत्र लिहिणाराही आठव्या स्तोत्रातील वचन देताना कोणीतरी कोठेतरी अशी साक्ष दिली आहे, एवढेच म्हणतो (इब्री २:६). नाव नाही, तरी शब्द आपले नव्हेत हे त्याने स्पष्ट केले.

भाषांतरकाराला हा प्रश्न रोज भेटतो. नव्या कराराच्या प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत आजच्यासारखी अवतरणचिन्हे नव्हती. १ करिंथ ७:१ मध्ये पुरुषाने स्त्रीपासून दूर राहणे बरे, अशा अर्थाचे विधान आहे. ते पौलाचे, की करिंथकरांनी त्याला लिहिलेल्या पत्रातले? अनेक अभ्यासक ते करिंथकरांचे मानतात. चिन्हे घातली की पौल त्या मताचे परीक्षण करीत आहे असे दिसते. काढली की तेच त्याचे मत ठरते. विवाहाविषयीची शिकवण वाचकाला कशी समजेल, हे त्या इवल्याशा चिन्हांवर अवलंबून राहते. म्हणून कोण बोलत आहे हे दाखविणे हे केवळ सौजन्य नव्हे. तो अर्थाचाच भाग आहे.

आपल्या महाराष्ट्राला ही जाण नवी नाही. संत एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असे बजावले. दुसऱ्याचे शब्द आपल्या नावावर खपविणे जसे अयोग्य, तसेच आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर घालणेही. त्याच एकनाथांनी स्वतःच्या अभंगांत 'एका जनार्दनी' म्हणून गुरूचे नाव आपल्या नावाशी जोडून ठेवले.

तेव्हा वाचकहो, उपदेश करताना, लेख लिहिताना वा रविवारच्या शाळेत मुलांना शिकविताना एवढे करा: शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर अवतरणात ठेवा, विचार घेतला असेल तर ज्याचा त्याला द्या, नाव आठवत नसेल तर 'हे मी कोठेतरी वाचले आहे' असे मोकळेपणाने सांगा. आणि वाक्य अर्धवट तोडून लेखकाच्या तोंडी भलताच अर्थ घालू नका. खोटी साक्ष अशीही दिली जाते.

ते वृद्ध बंधू आता प्रभूजवळ आहेत. त्यांना खरे काय ते सांगावयाचे माझ्याकडून राहून गेले. देवाला गौरव देण्यापूर्वी त्या दिवशी एका माणसाचे नाव घ्यावयास हवे होते.