गोळी एकाएकी टाकावी काय?

चिंता शमविणाऱ्या अल्प्राझोलम, डायझेपाम आदी गोळ्या पेणेस असो वा रोह्यास, डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत व विक्रीची नोंद ३ वर्षे ठेवावी, असा नियम २०१४ पासून आहे. काही आठवडे त्या रोज घेतल्यास शरीर त्यांस सरावते. हा रोग्याचा अपराध नव्हे. तथापि कित्येक जण यास विश्वासाची उणीव समजून गोळी एकाएकी टाकितात. मग निद्रानाश, कंप, क्वचित् फेफरेही येते. हे धैर्य नव्हे.

पेणचा कारागीर ओली शाडूमाती कडक उन्हात ठेवीत नाही. ती तडकते, म्हणून सावलीत हळूहळू सुकवितो. त्याचप्रमाणे डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा थोडथोडी उतरवावी, महिने लागले तरी चालेल. उपदेशकांनी ‘टाकून दे’ अशी आज्ञा न करिता त्या लांब वाटेवर रोग्याची सोबत करावी. खरी प्रीती हीच होय, असे आम्हांस वाटते.