शब्दाचे वजन

दुसऱ्याला एखादी गोष्ट पटवून देण्याची हातोटी ही देणगी मानावी, की केवळ धंद्याचे साधन? वऱ्हाडातील पुष्कळ कुटुंबांना हा प्रश्न जवळचा आहे. अमरावती-अकोल्याच्या रस्त्याने बियाणे, खते, कीटकनाशके विकत फिरणारे मार्केटिंग अधिकारी आपल्यातलेच असतात. आठवडाभर फिरती आणि टार्गेट. रविवारी मिस्सा, मग रक्तदानाची खटपट, गरिबांसाठी वर्गणी. अशा माणसाला आपण सेवाभावी म्हणतो, आणि ते योग्यच आहे. परंतु सेवा नोकरीचे तास संपल्यावर सुरू होते, ही समजूत मात्र तपासून पाहावी, असे आम्हांस वाटते.

याच रस्त्यावर मूर्तिजापूर लागते. त्या तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी डेबूजी नावाचा मुलगा वाढला. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे जन्मलेल्या या डेबूजीने १९०५ साली घर सोडले आणि पुढे तो गाडगेबाबा झाला. लोकांची मने वळविण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोण होता? गावात शिरताच ते आधी खराट्याने रस्ता झाडीत आणि रात्री कीर्तनात श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत. दारू सोडा, कर्ज काढून सण करू नका, मुलांना शिकवा, हे उत्तर श्रोत्यांच्या तोंडूनच निघे. लोकांनी दिलेल्या पैशातून पंढरपूर, नाशिक येथे धर्मशाळा उभ्या राहिल्या. लोकांनी विश्वास का ठेवला? एक तर जिभेआधी त्यांचा हात राबला होता. आणि जे ते मागत, त्यात त्यांचा स्वतःचा वाटा नव्हता.

यावर कोणी म्हणेल, पगारावर संसार चालविणाऱ्याने गाडगेबाबा कसे व्हावे? हा आक्षेप रास्त आहे. पण शुभवर्तमानात दोन जकातदार आहेत. मत्तयाने जकातनाका सोडला. जक्कयाला मात्र प्रभूने धंदा सोडण्यास सांगितल्याचे दिसत नाही. त्याने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांना फसविले असेल त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले. केवळ दान देऊन तो थांबला नाही. त्याने आपला हिशेबही उघडला. हा दुसरा भाग आपण फार लवकर विसरतो.

कापूस आणि धान्याच्या बाजारांना शिस्त लावण्यासाठी वऱ्हाडात १८९७ सालीच कायदा झाला. काट्यावर नजर ठेवता येते. शब्दावर कोणी ठेवायची? २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्याचा सारा दोष विकणाऱ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तरीही कृषी केंद्राच्या फळीशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला जो सांगतो, “दादा, हातमोजे आणि तोंडाला फडके असल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नका, वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका, आणि या पिकाला आत्ता याची गरजच नाही,” त्याने त्या क्षणी सेवाच केली. त्यासाठी त्याला एका विक्रीवर पाणी सोडावे लागले. रविवारच्या वर्गणीपेक्षा हे दान आम्हांस मोठे वाटते. त्याची पावती कोणी फाडीत नाही, आणि त्याची किंमत बढतीच्या वेळी मोजावी लागते.

म्हणून धर्मग्रामावरही एक जबाबदारी येते. मोठी देणगी आणणाऱ्याचे नाव आपण वेदीजवळून वाचून दाखवितो. खरे बोलल्यामुळे ज्याचे टार्गेट चुकले, त्याच्या घरी त्या महिन्यात आपल्यापैकी कोण जाते? मुलांची फी थकली, हप्ता राहिला, तर कोण विचारपूस करते? प्रामाणिक माणसाचा भार एकट्या त्याच्या कुटुंबावर पडू देऊन त्याच्याकडून सेवेची अपेक्षा ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.