ग्रंथ, शास्त्र आणि कालिंदी

कादंबरीकाराने कोणते ग्रंथ वाचले होते, हा प्रश्न आपल्या समीक्षेत बहुधा प्रभावांच्या शोधापुरता मर्यादित राहतो. अमुक विचारवंताची छाया तमुक कादंबरीत दाखवून दिली की शोध संपतो. त्यामागचा नैतिक प्रश्न मात्र तसाच पडून राहतो. समाजाचे नियम ज्याला ग्रंथांतून कळले आहेत, अशा लेखकाला आपल्या पात्रावर कोणता अधिकार प्राप्त होतो? पात्र असे का वागले हे त्याला ठाऊक असते. मग त्या वागण्याचा जाब पात्राला विचारायचा की समाजाला? श्रीधर व्यंकटेश केतकरांनी हा प्रश्न जितका उघडपणे अंगावर घेतला, तितका मराठीत क्वचितच कोणी घेतला असेल.

केतकरांचे शालेय शिक्षण अमरावतीस झाले. पुढे १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात असताना, १९०९ मध्ये, त्यांचा भारतीय जातिसंस्थेच्या इतिहासावरील इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. या ग्रंथात त्यांनी मनुस्मृती ज्या रीतीने वाचली, ती रीत लक्षात घेण्याजोगी आहे. सनातन्यांच्या लेखी ती आज्ञा होती. अनेक सुधारकांच्या लेखी ती आरोपी होती. केतकरांनी तिला साक्षीदार केले. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील समाजस्थितीविषयी ही स्मृती काय सांगते, एवढेच त्यांनी तिला विचारले. स्मृती विशिष्ट काळी, विशिष्ट माणसांनी, विशिष्ट गरजेपोटी रचली असे एकदा मान्य केले की दुसऱ्या काळी, दुसऱ्या गरजेपोटी नवी स्मृती रचण्याची वाट आपोआप मोकळी होते. १९२० मध्ये एडिथ कोहन या ज्यू स्त्रीशी विवाह करताना केतकरांनी व्रात्यस्तोम हा वैदिक विधी उपयोगात आणला, तोही याच वृत्तीतून. जुना ग्रंथ त्यांनी पूजेला लावला नाही आणि जाळलाही नाही, कामाला लावला.

ज्ञानकोशाचे २३ खंड १९२० ते १९२९ या काळात निघाले. प्रस्तावनाखंडांपैकी पाचवा विज्ञानेतिहासाला वाहिलेला आहे. जगातील सर्व ज्ञान वर्गवारी करून मांडता येते, या विश्वासावर उभारलेले हे काम हातावेगळे होताच, १९३० मध्ये, 'ब्राह्मणकन्या' आली, आणि वर्गवारीत न बसणारी एक मुलगी तिच्या केंद्रस्थानी होती. कालिंदी डग्गे हिचे वडील ब्राह्मण, सुधारक. पण आईच्या आईचा विवाह झालेला नव्हता. नावाने ब्राह्मणकन्या असलेल्या या मुलीला ब्राह्मण समाजात स्थान नाही. ज्या समाजाने आपल्याला आत घेतलेच नाही, त्याचे नियम पाळण्याचे बंधन आपल्यावर कसे, असा विचार करून ती शिवशरणप्पा या लिंगायत व्यापाऱ्याबरोबर विवाहावाचून राहते. कालिंदीचे अधःपतन रंगवणे किंवा तिच्या बंडाचे पोवाडे गाणे, दोन्ही केतकरांना सहज शक्य होते. त्यांनी तिला युक्तिवाद दिला. समाजशास्त्रज्ञाने आपले शास्त्र पात्राच्या हाती सोपवावे आणि पात्राने ते समाजावर उलटवावे, ही या कादंबरीची खरी कमाई आहे. कथानकाची विस्कळीत बांधणी, मधूनमधून येणारी व्याख्याने, हे तिच्यावरचे आक्षेप खरे असूनही गौण वाटतात ते त्यामुळेच.

कादंबरीतील वैजनाथशास्त्र्यांच्या नव्या स्मृतीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. ती स्मृती केतकरांच्या विचारव्यूहाची परिणती आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यामुळे कालिंदीचे दुःख हे नियमांतील एका त्रुटीचे उदाहरण होऊन बसते. नियम दुरुस्त झाला म्हणजे टाकून दिल्या गेलेल्या स्त्रीचा हिशेब मिटतो, असे लेखकाला वाटत असावे. माणसाला उदाहरण करणे हा शास्त्राचा अधिकार आहे. कादंबरीचा तो असू शकत नाही.

दुर्गाबाई भागवतांनी १९६७ मध्ये 'केतकरी कादंबरी' हे स्वतंत्र पुस्तक लिहून या लेखनाकडे लक्ष वेधले. तरीही चांदूर बाजारसारख्या तालुक्याच्या गावातून, जिथे उत्तरेला सातपुडा आहे आणि शिवारात कपाशी नि संत्री आहेत, हे लेखन वाचताना एक उणीव जाणवते. अमरावतीत वाढलेल्या या लेखकाच्या कादंबरीविश्वाला वऱ्हाडची काळी माती फारशी लागलेली नाही. निसर्ग त्यांच्या ग्रंथसृष्टीबाहेर राहिला. ती माती उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये (१९६०) आली. ग्रंथांतून नव्हे, वऱ्हाडी बोलीतून.

'धग'मध्ये महादेव शिंपी आहे आणि त्याला महारोग होतो. या रोगाचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्येच शोधला होता. शेळक्यांचा निवेदक त्यातले काहीच सांगत नाही. शिवणाऱ्या माणसाचा रोगाने घास घेतला की घराचे काय होते, एवढेच तो कौतिकच्या नजरेतून पाहतो. केतकरांनी घेतलेला अधिकार शेळक्यांनी नाकारला, आणि त्यामुळे कौतिक कोणत्याही सिद्धांताचे उदाहरण झाली नाही. याची किंमत मात्र तिनेच मोजली. हे असे का, हा प्रश्न कालिंदी विचारू शकते, कौतिक विचारू शकत नाही. तिच्या भोवतीचे दारिद्र्य पावसापाण्यासारखे निसर्गदत्त भासू लागते. 'धग'चे श्रेष्ठत्व मान्य करूनही हा धोका नजरेआड करता येत नाही. लेखकाने ग्रंथ मिटून ठेवला तर पात्राच्या वाट्याला केवळ सोसणे येते. उघडून त्याच्या डोक्यावर धरला तर त्याचे उदाहरण होते.

ग्रंथ पात्राच्याच हाती देणे ही वाट उरते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मधील (२००२) एकनाथ शिकलेला आहे. नोकरी नाही, म्हणून तो शेतीत अडकला आहे. आपल्या स्थितीची कारणे त्याला कळतात, पण त्या कळण्याने एक बैलजोडीसुद्धा वाचत नाही. योगायोग असा की बीटी कपाशीला भारतात मान्यता मिळाली तीही २००२ मध्येच. तेव्हापासून वऱ्हाडच्या शेतात विज्ञान दरवर्षी बियाण्याच्या पाकिटातून येते, आणि गुलाबी बोंडअळीने त्याला दिलेले उत्तरही शेतकऱ्याने पाहिले आहे. केतकरांनी मनूला साक्षीदार म्हणून उभे केले होते. त्या पाकिटावरील मजकुराची उलटतपासणी एकनाथने कोणत्या भाषेत करावी?