‘आहे’ म्हणताना

आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय 17, श्लोक 26 आणि 27



‘असणं’ सांगायला आपल्याकडे कितीतरी शब्द आहेत. अस्तित्व, सत्ता, वास्तव, आणि रोजचा साधा ‘आहे’. गीतेत त्यासाठी शब्द येतो ‘सत्’. ‘अस्’ म्हणजे असणे, या धातूपासून तो झाला. सत्य, संत, सज्जन, सत्कार ही सगळी त्याचीच लेकरं.

गंमत बघा. मराठीत ‘सद्भाव’ म्हणजे चांगली भावना. या श्लोकात मात्र सद्भाव म्हणजे ‘असणं’, आणि चांगुलपणासाठी ‘साधुभाव’. भगवंत सांगतात, सत् शब्द दोन्हींसाठी वापरतात. चांगल्या कर्मालाही सत्‌च म्हणतात. पुढच्या श्लोकात तर यज्ञ, तप, दान यांतल्या निष्ठेलाही तेच नाव. म्हणजे ‘आहे’ आणि ‘चांगलं आहे’ यांना एकच शब्द!

हे मला खालापुरात उमगलं. महडच्या वरदविनायकाला जाताना चौकजवळ इर्शाळगड दिसतो. त्याच्या कुशीत ठाकर बांधवांची इर्शाळवाडी. 19 जुलै 2023 च्या रात्री तिथे दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले. शोध थांबला तेव्हा 57 जण ‘बेपत्ता’ होते. समानार्थी म्हणून तिथे ‘नाहीत’ लिहून बघा. हात थांबतो ना?

वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. माणसं पावसात, अंधारात पायी चढली. नवी मुंबई अग्निशमन दलातले एक अधिकारी तो चढ चढतानाच गेले. ढिगाऱ्याखाली कुणीतरी ‘आहे’, एवढ्या एका शब्दावर ते निघाले होते. सत् हा शब्द कर्मापर्यंत जातो, तो असा.

वाचलेली माणसं आज चौकजवळ राहतात. म्हणून इर्शाळवाडी ‘होती’ म्हणू नका. ‘आहे’ म्हणा. पण नुसतं म्हणून भागत नाही. ज्याला ‘आहे’ म्हटलं, त्याची विचारपूस आपल्याकडे आली.

आजचा छोटासा संकल्प : आपल्या फोनमध्ये एखादं नाव नुसतंच ‘आहे’. कितीतरी दिवसांत बोलणं नाही. आज त्या माणसाला फोन करायचा. मेसेज नको, फोनच. ‘कसा आहेस?’ एवढं विचारायचं, आणि उत्तर पूर्ण ऐकायचं.

हरि ॐ तत्सत्।