सालीखालची जखम

शास्त्रपाठ : यिर्मया ६:१४, लूक १०:३३-३४, योहान २०:२४-२९



पांढुर्णा आणि सौंसर हा मुलूख संत्र्यांचा. १९५६ साली प्रांतांची फेररचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी बोलणारा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. सरहद्दी बदलल्या, बागा आहेत तेथेच आहेत. येथील शाळकरी पोरालाही ठाऊक असते की संत्र्याचे कलम जंभेरीच्या रोपावर डोळा बांधून होते आणि त्यासाठी आधी जंभेरीची साल चिरावी लागते. झाडाला जखम केल्यावाचून बाग उभी राहत नाही. परंतु सर्वच जखमा सारख्या नसतात, आणि आम्ही मंडळीतील जाणती म्हणवणारी माणसे येथेच चुकतो.

प्रथम संत्र्याच्या बुंध्याची जखम घ्या. पाणी साचलेल्या जमिनीत बुरशी वाढते, बुंध्याची साल तडकते आणि तीतून डिंक पाझरू लागतो. हाच डिंक्या रोग. आळशी माणूस डिंक पुसतो व वरून चुना फासतो. झाड रस्त्यावरून पांढरेशुभ्र दिसते, पण सालीखाली कूज चालूच असते. जाणता बागवान धारदार चाकूने कुजलेली साल खरवडून काढतो, निरोगी भाग लागेपर्यंत हात थांबवत नाही. मग १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी यांचे बोर्डो मलम करून लावतो. मलम तेच, पण ते खरवडण्याआधी लावले तर व्यर्थ जाते. चांगल्या शोमरोन्यानेही त्या घायाळ मनुष्याच्या जखमांवर तेलाबरोबर द्राक्षारस ओतला. तेलाने ठणका कमी होतो; द्राक्षारस मात्र झोंबतो.

यिर्मयाने आपल्या काळच्या याजकांवर व संदेष्ट्यांवर जो आरोप ठेवला तो हाच, की लोकांचा घाय खोल असताना त्यांनी वरवर उपचार केला आणि शांती नसताना शांती असल्याची ग्वाही दिली. हे वचन आम्ही पुष्कळदा वाचले होते. तरी आमच्या मंडळीतील दोन घरांत बांधावरून तंटा झाला तेव्हा आम्ही काय केले? प्रभुभोजनाचा रविवार तोंडावर आला होता. शनिवारी संध्याकाळी दोघा घरधन्यांना बोलावले, हात मिळवायला लावले, प्रार्थना केली, चहा झाला. बांध कोणी सरकवला, कोण काय बोलले, हे कोणी विचारलेच नाही. वर्षाच्या आत एक घर उपासनेला यायचे थांबले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. मध्ये पळसाचे झाड रोवतात आणि एका काठाने पांढुर्णा व दुसऱ्या काठाने सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी डोकी फुटतात. आम्ही ख्रिस्ती लोक त्याविषयी नाक मुरडतो. पण निदान तेथे रक्त दिसते आणि मलमपट्टी होते. आमच्या पंचकमिटीतले गोटे जिभेचे असतात, आणि त्यांचा मार अंगावर दिसत नाही.

त्या दोन घरांकडे आम्ही दोन वर्षांनी पुन्हा गेलो. चार बैठका झाल्या. आरडाओरड झाली, एकदा तर अर्ध्यातून उठून यावे लागले. शेवटी एकाने कबूल केले की बांध हातभर सरकला आहे, आणि तो मागे घेतला. त्यानंतरचे हात मिळवणे खरे होते.

आता दुसरी जखम. लिंबाची किंवा डाळिंबाची गुटी बांधताना पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाडीची निरोगी फांदी निवडतात. इंचभर रुंदीची साल गोल फिरवून काढून टाकतात. तेथे ओले शेवाळ गुंडाळून वर प्लास्टिकचा कागद दोन्ही टोकांना सुतळीने घट्ट बांधतात. फांदी मरत नाही, कारण मुळांकडून येणारे पाणी आतल्या लाकडातून वर चढतच असते. पानांनी तयार केलेले अन्न मात्र सालीच्या वाटेने खाली उतरते, ते काप दिलेल्या जागी अडते, आणि जखमेच्या वरच्या कडेला मुळ्या फुटतात. जपानी लोक आपल्या मेपलच्या झाडावर हाच प्रयोग करून कुंडीतली बुटकी झाडे तयार करतात.

आम्ही प्रथम गुटी बांधली तेव्हा झाडाची दया आली. सालीची एक बारीक पट्टी राहू दिली, आणि खालचा बुळबुळीत थरही नीट पुसला नाही. दोन महिन्यांनी कागद सोडला तर जखम छान भरून आली होती, साल सालीला मिळाली होती, आणि मूळ एकही नव्हते.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या गृहस्थाने नवा करार दिला. १८९५ साली मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. जात तुटली, घर तुटले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. ही साल सोलली जाणेच होते. परंतु आतल्या लाकडातून मराठी संतांच्या वाणीचे पाणी चढतच राहिले. टिळकांनी ते तोडले नाही, आणि जखमही घाईने झाकली नाही. आपण रविवारी त्यांची जी गीते गातो त्यांचे मूळ त्या जागी फुटले आहे.

प्रत्येक जखम देवानेच केली असे आम्ही म्हणणार नाही. तसे बोलून आम्ही एकदा फार मोठी चूक केली. मंडळीतील एका भगिनीचा तरुण मुलगा अपघातात गेला. मातीच्या दिवशीच आम्ही तिला सांगितले की ही देवाची इच्छा, आता अश्रू पूस. पुढच्या रविवारी ती आली नाही तेव्हा तिचा विश्वास कमी पडला असेही आम्ही आपसांत बोललो. आम्हांला तिची जखम लवकर बुजायला हवी होती, कारण ती बघणे आमच्याच्याने होत नव्हते. तिच्या शेजारची एक म्हातारी मात्र रोज संध्याकाळी जाऊन बसे. उपदेश करीत नसे. पोराचे नाव घेऊन त्याच्या गोष्टी विचारी. शेवाळ ओले ठेवण्याचे काम त्या म्हातारीने केले. सव्वा वर्षाने ही भगिनी आपण होऊन दवाखान्यात आजाऱ्यांजवळ बसू लागली. मुलगा गेला तो गेलाच. त्याचा मोबदला मिळाला असे तिला कोणी सांगू नये.

संडेस्कूलच्या शिक्षकांना एक विनंती. थोमाचा धडा शिकवताना आपण त्याच्या अविश्वासावरच पाऊण तास घालवतो. या खेपेस मुलांना प्रभूचे हात दाखवा. मरणावर जय मिळवलेल्या शरीरात खिळ्यांच्या खुणा आणि कुशीतली जखम तशीच होती. प्रभूने ती लपवली नाही, उलट थोमाला हात पुढे करायला सांगितले. झाडाचेही असेच आहे. कापलेले लाकूड पुन्हा नवे होत नाही. नवी साल कडेने वाढत येऊन त्याला वेढते, आणि जुना काप आत राहतो. जमल्यास मुलांना बागेत नेऊन एखादे जुने खोड दाखवा.

गुटीला मुळ्या दिसल्या तरी बागवान फांदी एका घावात तोडत नाही. आधी खालच्या बाजूस अर्धा काप देतो, काही दिवस थांबतो, मग वेगळी करून सावलीत ठेवतो. त्या भगिनीच्या मुलाला गेल्याची तारीख पुढच्या महिन्यात येते. आम्ही यंदाही तिच्याकडे जाणार आहोत. काय बोलायचे ते ठरवलेले नाही.